खबऱ्याचा भाव

दिवाळी अंकात एखादी रहस्यकथा नसली, की फराळाच्या ताटात चकली नसल्यासारखे वाटते. लाडू-करंज्यांनी जीभ गोडावते. मध्येच काहीतरी कुरकुरीत, तिखट दाताखाली यावे लागते. आमच्या घरी दिवाळी अंक आला, की थोरांचे हात आधी राशिभविष्याकडे जात आणि आम्हा मुलांचे रहस्यकथेकडे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड माझ्यापर्यंत पोचले ते वडिलांच्या जुन्या ट्रंकेतून. पाने पिवळी पडलेली, कोपरे उंदरांनी कुरतडलेले आणि शेवटची दोन पाने हमखास गहाळ! त्यामुळे खून झाला, तपास लागला, परंतु खुनी कोण ते कळले नाही, अशी माझी पुष्कळ वेळा अवस्था झाली आहे. आजही पाच-सहा खुनी माझ्या डोक्यात मोकाट हिंडत असतात.

यंदाच्या सदरासाठी विषय शोधत होतो, तेव्हा आमच्या महाविद्यालयात जर्मन शिकवणाऱ्या बाई मदतीला धावून आल्या. "तुम्ही मराठीवाले रहस्यकथा म्हटली, की सरळ बेकर स्ट्रीट गाठता," त्या म्हणाल्या. "एकदा जर्मनांचे लंडन पाहा." आणि त्यांनी मला १९६३ सालचा एक चित्रपट आणून दिला. नाव 'डेर त्सिंकर'. मला जर्मन भाषेतले 'नमस्कार' आणि 'आभार' एवढे दोनच शब्द येतात, आणि रहस्यपटात या दोन्हींचा उपयोग फार थोडा. तेव्हा खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत वाचत मी तो पाहिला. पाहिला आणि मग दोन-तीन आठवडे त्याने मला सोडले नाही. कारण या चित्रपटातला खलनायक नुसता खुनी नाही, तो खबऱ्या आहे.

मूळ कथा एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाची. हा माणूस स्वतःच एखाद्या कादंबरीत शोभावा असा होता. १८७५ साली ग्रिनिचला जन्म. आई नाटकात कामे करणारी, बापाचे नाव लावण्याची सोय नाही. वाढला तो मासळीबाजारातल्या एका हमालाच्या घरी. पोरवयात लंडनच्या चौकात वर्तमानपत्रे विकली, पुढे सैन्यात गेला, बातमीदार झाला आणि मग जो लिहीत सुटला तो दीडशेहून अधिक कादंबऱ्या लिहूनच थांबला. १९३२ च्या फेब्रुवारीत तो वारला तेव्हा हॉलिवूडमध्ये 'किंग काँग'च्या कथेवर काम करीत होता, आणि मागे कर्जाचा डोंगर ठेवून गेला. त्याची 'द स्क्वीकर' ही कादंबरी १९२७ सालची. तिचे नाटक झाले, १९३० साली खुद्द वॉलेसनेच तिचा इंग्रजी बोलपट काढला आणि १९३१ साली जर्मन बोलपटही झाला.

परंतु वॉलेसचे खरे माहेर ठरले ते दुसऱ्या महायुद्धानंतरचे पश्चिम जर्मनी. १९५९ ते १९७२ या काळात रिआल्टो नावाच्या एकाच चित्रसंस्थेने त्याच्या कथांवर बत्तीस चित्रपट काढले. धुके, टेम्स नदी, जुनाट वाडा, खिडकीत हात आणि हातात पिस्तूल. इंग्रज प्रेक्षक वॉलेसला विसरू लागले होते तेव्हा जर्मन प्रेक्षक तिकिटाच्या रांगेत उभे होते, आणि पुढे हेच चित्रपट दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखवले जाऊन त्यांच्या नातवंडांच्याही ओळखीचे झाले. आल्फ्रेड फोरर या दिग्दर्शकाने 'त्सिंकर' काढला. युद्धात उजवा हात गमावलेला हा गृहस्थ डाव्या हाताने लोकांना घाबरवण्याचे काम उत्तम करी. चित्रपटात काळ्या मांबा जातीच्या सापाचे विष आहे, जंगली जनावरांचा व्यापार आहे आणि क्लाउस किन्स्की या भेदक डोळ्यांच्या नटाने रंगवलेले एक गूढ पात्र आहे. त्याचे नाव काय असावे? 'कृष्ण'! युरोपियन माणसाला गूढतेची जरा टंचाई भासली, की तो ती हिंदुस्थानातून आयात करतो. पूर्वी मिरे नेत असे, मग नावे नेऊ लागला.

आता हा त्सिंकर करतो काय, ते सांगितले पाहिजे. समजा, तुम्ही लंडनमधले एक कसबी चोर आहात. (दिवाळीच्या दिवसांत अशी कल्पना करायला लावल्याबद्दल क्षमा असावी.) तुम्ही एका लक्षाधीश बाईचा हिऱ्यांचा हार पळवला. आता हाराचे करायचे काय? तो गळ्यात घालून मिरवता येत नाही. खुल्या बाजारात नेला, तर सराफ पोलिसांना कळवणार. तेव्हा चोरीचा माल घेणारा कुणीतरी लागतो. अशा वेळी तुम्हाला निरोप येतो: मी माल घेईन, आणि भाव मी म्हणेन तो. भाव असा, की तुमच्या मेहनतीचीही भरपाई होऊ नये. तुम्ही स्वाभिमानी चोर असल्यामुळे 'जमणार नाही' म्हणता. दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडते. उघडून पाहता तो स्कॉटलंड यार्डची माणसे उभी! त्यांना तुमचे नाव, पत्ता, मालाची जागा, सारे काही ठाऊक. त्सिंकरने कळवलेले.

वॉलेसच्या डोक्यातून निघालेल्या या युक्तीचे मला कौतुक वाटले. चोर आणि पोलीस या दोघांच्या मध्ये बसून हा गृहस्थ दोघांनाही राबवतो. चोर त्याच्यासाठी चोरी करतात, आणि ज्यांना भाव पसंत नाही त्यांच्याकडून पोलीस त्याच्या वतीने वसुली करतात, तीही सरकारी पगारावर. दहा चोर तुरुंगात गेले, की अकरावा मुकाट्याने हार काढून देतो. कायद्याची इतकी भीती खुद्द कायद्यालासुद्धा कधी घालता आली नव्हती!

आणि पोलिसांना तो नकोसा आहे काय? प्रथमदर्शनी तरी नाही. आयत्या खबरा मिळतात, चोर सापडतात, वरिष्ठ खूश होतात. पण एक दिवस ध्यानात येते, की आपण पकडतो ते फक्त न विकणारे चोर. जे विकतात ते सुखात आहेत. आपल्या हातातल्या बेड्या कुणाच्या मनगटात पडाव्यात, हे आपण ठरवीत नसून भलताच कुणी ठरवतो आहे. तपासाची खरी कथा इथून सुरू होते, आणि मग माणसे मरू लागतात. पुढचे मी सांगणार नाही. त्सिंकर कोण, तेही सांगणार नाही. एवढेच म्हणतो, की गल्लीबोळात शोधू नका. ज्याला वाकून नमस्कार करतात, अशा घरांतून शोधा.

आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरांना गोष्टीपेक्षा शब्दाचे वेड अधिक. बाईंना मी विचारले, "या 'त्सिंकर' शब्दाचा अर्थ काय हो?" त्यांनी सांगितले, की जर्मन चोरट्यांची आणि भटक्यांची एक जुनी सांकेतिक बोली आहे. तीत 'त्सिंकेन' म्हणजे खूण. पूर्वी भिकारी आणि भुरटे लोक घरांच्या भिंतींवर खुणा करून ठेवीत: इथे कुत्रा आहे, इथली बाई दयाळू आहे, इथे पोलीस राहतो. पत्त्यांच्या डावात पानांवर बारीक खूण करून फसवतो तोही त्सिंकर, आणि जो आपल्याच साथीदारावर पोलिसांसाठी खूण करून ठेवतो तोही त्सिंकर. इंग्रजीतला 'स्क्वीकर' उंदरासारखा नुसता चीं चीं करतो. जर्मन शब्द अधिक खोल गेला. खबऱ्या ओरडत नाही, तो खडूने हळूच एक रेघ ओढतो आणि चालू लागतो.

पोलिसांच्या बाजूने पाहिले, तर हाच माणूस जर्मनमध्ये 'फाउ-मान' होतो, म्हणजे विश्वासातला माणूस. कुणाच्या विश्वासातला, हे मात्र शब्द सांगत नाही. दोन्ही बाजूंचा विश्वास मिळवल्यावाचून त्याचा धंदाच चालायचा नाही. लंडनच्या चोरांच्या तोंडी खबऱ्यासाठी 'नार्क' असा शब्द होता, आणि कोशांतून त्याची एक व्युत्पत्ती दिली जाते ती मोठी गमतीची आहे. युरोपभर भटकणाऱ्या रोमानी लोकांच्या भाषेत 'नाक' म्हणजे आपलेच नाक. हे लोक शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले, त्यांच्यासोबत हा शब्दही गेला, आणि पोलिसांचे नाक तो 'नार्क', असे म्हणतात.

आपली मराठीही या बाबतीत गरीब नाही. हेर, खबऱ्या, चहाडखोर, चुगलखोर, फितूर, घरभेद्या, माफीचा साक्षीदार. एकच कृत्य, पण पाहणारा जिथे उभा असेल तिथून त्याचे नाव पालटते. आपल्या राजाचा असेल तर तो हेर, शत्रूला जाऊन मिळाला तर फितूर, पोलिसांचा असेल तर खबऱ्या आणि शाळेतल्या मास्तरांचा असेल तर चहाडखोर. चाफेकर बंधूंविषयी पोलिसांना माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. सरकारदरबारी ते उपयोगी माणसे होते, आणि महाराष्ट्राने त्यांना कोणत्या शब्दाने लक्षात ठेवले, ते सांगायला नको.

शब्दांपासून पुन्हा जर्मनीकडे वळतो, कारण 'त्सिंकर' पडद्यावर येण्याच्या सव्वा वर्ष आधी तिथे एक असा प्रसंग घडला, की तो वॉलेसला सुचता तर त्याने त्यावर आणखी एक कादंबरी लिहिली असती. जानेवारी १९६२. पश्चिम जर्मनीत सगळ्या देशाला दिसेल अशी दूरचित्रवाणीची वाहिनी तेव्हा एकच होती. तिच्यावर ३ तारखेपासून 'डास हाल्सटुख', म्हणजे 'गळपट्टा', ही सहा भागांची रहस्यमालिका सुरू झाली. कथा फ्रान्सिस डर्ब्रिज या इंग्रज लेखकाची. बीबीसीने ती १९५९ मध्ये दाखवली होती. एका तरुणीचा गळपट्ट्याने गळा आवळून खून होतो, आणि इन्स्पेक्टर येट्स तपासाला निघतो. हे काम हाइन्त्स द्राखे या नटाने केले, आणि पुढल्या वर्षी 'त्सिंकर'च्या मागावर निघालेला इन्स्पेक्टरही तोच!

या मालिकेने काय केले, ते आज शेकडो वाहिन्यांच्या काळात खरे वाटणार नाही. ज्या घरांत संच होता त्यांतल्या सुमारे ८९ टक्के घरांतून ती पाहिली गेली. संध्याकाळी रस्ते ओस पडत, नाटकगृहे रिकामी राहत, सभा पुढे ढकलल्या जात. अशा मालिकांना तिथे 'रस्ते झाडणारी' असे नाव पडले. केरसुणीने कचरा काढावा तशी ती रस्त्यावरची माणसे काढून घरात नेई. आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा काय होई, ते ज्यांना आठवते त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

वोल्फगांग नॉयस नावाचा एक विनोदी नट आणि उपहासकार होता. त्याने स्वतः खटपट करून एक चित्रपट काढला होता आणि तो नेमका याच दिवसांत लागलेला. प्रेक्षक घरी गळपट्टा घेऊन बसलेले! शेवटचा भाग १७ जानेवारीला दाखवायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी नॉयसने बर्लिनच्या 'डेर आबेंड' या सायंदैनिकात जाहिरात दिली. आशय असा, की उद्या घरी बसून कशाला राहता, खुनी अमुक नट आहे. त्यापेक्षा माझा चित्रपट पाहायला या. नाव बरोबर निघाले.

मग जे झाले त्याला दंगल म्हणता येणार नाही, पण मनातली दंगल होती खरी. लोक पिसाळले. नॉयसला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. 'बिल्ड' या प्रचंड खपाच्या वर्तमानपत्राने त्याला 'देशद्रोही' ठरवले. चुकून मोठा शब्द वापरला गेला, असे समजू नये. तोच शब्द वापरला गेला. कुणा शत्रूला लष्करी गुपित विकले नव्हते, कुणा निरपराध माणसाला पकडून दिले नव्हते. एका काल्पनिक खुन्याचे नाव एक दिवस आधी सांगितले एवढेच. आणि जाता जाता एक हिशोब ध्यानात घ्या: त्सिंकर खरे गुपित विकत होता, त्याला पाहायला लोकांनी पुढल्या वर्षी पैसे मोजले. नॉयसने खोटे गुपित फुकट वाटले, आणि तो देशद्रोही!

हे वाचून मी पोटभर हसलो. पण हसू पुरते ओसरले नव्हते तोच एक तारीख आठवली. १८ फेब्रुवारी १९४३. म्हणजे 'गळपट्टा'च्या आधी अवघी एकोणीस वर्षे. म्युनिक विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल ही भाऊ-बहीण हिटलरच्या राजवटीविरुद्धची पत्रके वर्गांबाहेर ठेवून आली. उरलेली पत्रके वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात भिरभिरत पडली. विद्यापीठाच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या याकोब श्मिड नावाच्या नोकराने त्यांना पाहिले, धरले आणि वरिष्ठांच्या स्वाधीन केले. चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, दोघांचा शिरच्छेद झाला. ती एकवीस वर्षांची, तो चोवीस. श्मिडला तीन हजार मार्क बक्षीस मिळाले आणि विद्यापीठातल्या सभेत विद्यार्थ्यांनी त्याचा जयजयकार केला. युद्धानंतर त्याला पाच वर्षांची सजा झाली. आपण आपले काम केले, इमारतीत पत्रके वाटायला बंदी होती, असा त्याचा बचाव होता.

मी महाविद्यालयात शिकवतो. जिने, व्हरांडे, वर्गांच्या दारांवरचे क्रमांक आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन हिंडणारा माणूस, हे माझे रोजचे जग आहे. म्हणून ही हकीकत मला पुस्तकातली वाटत नाही. त्या जिन्यावर मी कितीदा तरी उभा राहिलो आहे, असे वाटते.

आणि श्मिड एकटा नव्हता. हिटलरविरुद्धच्या कटातले लाइपझिगचे माजी महापौर कार्ल ग्योर्डेलर यांना पकडून देणाऱ्यास दहा लाख मार्कांचे बक्षीस जाहीर झाले होते. ऑगस्ट १९४४ मध्ये एका खाणावळीत ओळखीच्या कारकून बाईने त्यांना ओळखले. पुढच्या २ फेब्रुवारीला त्यांचा देहान्त झाला. हिटलरची गुप्त पोलीस संघटना गेस्टापो ही हजार डोळ्यांची राक्षसीण होती, अशी आपली समजूत असते. पुढे इतिहासकारांनी वुर्ट्सबर्ग शहरातली तिची दफ्तरे उघडून पाहिली, तेव्हा निराळेच दिसले. कर्मचारी थोडे होते, आणि डोळे पुरवले होते शेजाऱ्यांनी. कुणी चोरून परदेशी रेडिओ ऐकतो, कुणी ज्यू माणसाशी मैत्री ठेवतो, कुणी हिटलरवर विनोद सांगतो, अशा खबरा लोक आपण होऊन आणून देत. पुष्कळांच्या मुळाशी देशप्रेमसुद्धा नव्हते. जागेचा तंटा होता, सूनबाईचा राग होता, दुकानातली चढाओढ होती. म्हणजे एकूण त्सिंकरचाच धंदा. भाव पटला नाही, की खडूची रेघ.

१९६२ सालच्या त्या जानेवारीत 'गळपट्टा' पाहणाऱ्या घराघरांतून अशी किती माणसे शांतपणे कॉफी पीत बसली असतील! नॉयसला 'देशद्रोही' म्हणताना त्यांतल्या कुणाचा आवाज जरा जास्तच चढला असेल काय? याचे उत्तर कोणत्याही दफ्तरात सापडायचे नाही. परंतु खबऱ्याच्या कथेचे त्या देशाला एवढे वेड का लागले असावे, याची मला थोडी कल्पना आली. पडद्यावर खबऱ्या एकच असतो, तो दुष्ट असतो, शेवटी सापडतो आणि मरतो. मग दिवे लागतात, आणि आपण तो नव्हतो याचे प्रत्येकाला समाधान वाटते.

गोष्ट इथेच थांबत नाही. २० ऑक्टोबर १९६७ रोजी जर्मन दूरचित्रवाणीच्या दुसऱ्या वाहिनीवर एदुआर्ड त्सिमरमान या गृहस्थाने एक कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावाचा अर्थ 'फाइल क्रमांक एक्स-वाय, तपास अपुरा'. खऱ्या गुन्ह्यांचे प्रसंग नटांकडून करवून दाखवायचे आणि मग प्रेक्षकांना सांगायचे, की या माणसाला आपण पाहिले असल्यास फोन करा. फोन येऊ लागले, गुन्हेगार सापडू लागले. कार्यक्रम आजही चालू आहे. टीकाकार म्हणाले, की हा सगळ्या राष्ट्राला खबऱ्या करतो आहे, आणि एकदा आपण त्याची फळे भोगली आहेत. चाहते म्हणाले, की खुनी मोकाट सुटू द्यायचा काय? दोघांचेही म्हणणे मला पटते, आणि इथेच माझी पंचाईत होते.

भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीत तर या प्रश्नाचा पसाराच झाला. तिथल्या 'श्टाझी' या गुप्त पोलीस खात्याकडे १९८९ साली पावणेदोन लाखांच्या आसपास छुपे खबरे होते. १९९२ च्या जानेवारीपासून लोकांना आपापली फाइल वाचायला मिळू लागली. राजवटीला विरोध करणाऱ्या एका कार्यकर्तीला फाइल वाचल्यावर उमगले, की आपल्यावर टोपणनावाने खबरा देणारा माणूस आपला नवराच होता. वॉलेसच्या कादंबरीत मुखवटा ओढला, की प्रकरण संपते. इथे मुखवटा निघाला आणि त्यानंतर मुलांना काय सांगायचे, हे प्रकरण सुरू झाले.

हे सारे मी एकदा वर्गात सांगितले. विषय रहस्यकथेचा होता. वाहत वाहत म्युनिकच्या जिन्यापर्यंत गेलो. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. वर्षभरापूर्वी तिने एका परीक्षेत मोबाइलवरून प्रश्न फिरत असल्याचे पर्यवेक्षकांना सांगितले होते. तो पेपर रद्द होऊन पुन्हा घेतला गेला, आणि वसतिगृहात तिच्याशी बोलणे बंद झाले. जेवणाच्या टेबलावर ती आली, की बाकीच्या ताटे उचलून निघून जात.

"सर, मी पण त्सिंकरच ना?" तिने विचारले. डोळ्यांत पाणी नव्हते. हा प्रश्न तिने बरेच दिवस जपून ठेवला असावा.

मी विचारले, "तुला त्यातून काय मिळाले?"

"एक वर्षाचा अबोला."

"आणि कुणी सांगितले हे सगळ्यांना कळले कसे?"

"मीच सांगितलं, सर. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं."

शिक्षकाने अशा वेळी काहीतरी थोर वाक्य बोलावे, अशी अपेक्षा असते. मला ते सुचले नाही. मी म्हणालो, "बाळ, त्सिंकर गुपिताचा भाव ठरवतो. तू भाव केला नाहीस, आणि अंधारातही राहिली नाहीस. तुला आपल्या भाषेत साक्षीदार म्हणतात." ती मान हलवून गेली. तिला पटले की नाही, कोण जाणे. तिच्या ताटाशेजारची खुर्ची माझ्या व्याकरणाने काही भरून निघणार नव्हती.

घरी आल्यावर मात्र माझ्याच उत्तरातली एक फट मला दिसू लागली. सगळ्यांनाच नाव उघड करून उभे राहता येत नाही. गुंडांच्या टोळीची खबर देणाऱ्याने स्वतःचे नाव जाहीर केले, तर तो सकाळ पाहणार नाही. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२५ व्या कलमाने गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नसे, आणि १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झाला त्यानेही ते तत्त्व राखले आहे. ते योग्यच आहे. अंधार नेहमी पापाचाच असतो असे नाही. कधी तो सज्जनाच्या अंगावरची घोंगडीही असतो. तेव्हा नाव लपवले की उघड केले, एवढ्यावर माणूस तोलता येणार नाही.

मग तोलायचे कशावर? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, सांगणाऱ्याने सत्य सांगितले की विकले. त्सिंकरची प्रत्येक खबर खरी होती, हे विसरू नये. त्याने कधी कुणा निरपराध माणसाचे नाव दिले नाही. त्याचे पाप असे, की चोराने हार दिला असता, तर तेच सत्य त्याने गिळून टाकले असते. दुसरी गोष्ट, खबर कुणाच्या कानात पडते. ज्या राज्यात विनोदाची शिक्षा मृत्यू असते, तिथे खरे बोलणाऱ्याच्याही हाताला रक्त लागते. श्मिडने सांगितले ते अक्षरशः खरे होते. ती मुले पत्रके वाटत होतीच.

परीक्षेच्या पेपराची खबर आणि म्युनिकच्या जिन्यावरची खबर यांत हा फरक आहे, आणि तो त्या मुलीला मी तेव्हाच सांगायला हवा होता, असे कुणी म्हणेल. पुढल्या आठवड्यात सांगितला. तिने वहीत लिहून घेतला आणि म्हणाली, "सर, म्हणजे सांगण्याआधी दोनदा विचार करायचा. पण एकदा तरी सांगायचं." हे माझ्यापेक्षा बरे जमले होते.

'डेर त्सिंकर' मिळाला तर जरूर पाहा. धुके आहे, साप आहे, विनोद आहे, दीड तास कसा जातो ते कळत नाही. फक्त चित्रपट संपला, की लगेच उठू नका. त्सिंकरला भाव नाकारला म्हणून जे चोर आत गेले, त्यांचे पुढे काय झाले असेल, याचा क्षणभर विचार करा. खबर खरी होती, तेव्हा ते आतच असणार. त्यांच्याहून स्वस्तात विकणारे बाहेर असणार. आणि त्या खबरांच्या जोरावर ज्या पोलिसांना बढत्या मिळाल्या, त्यांनी त्या परत केल्याचे तर ऐकिवात नाही.